उलटा पांघरलेला झगा : ११५९ ची पोपची निवडणूक

(दृश्य : डोंगरावरचं अनाग्नी गाव, दगडी गल्ल्या)

१ सप्टेंबर ११५९. रोमच्या आग्नेयेला असलेल्या अनाग्नी गावात पोप चौथा एड्रियन वारला. या गादीवर बसलेला तो आजवरचा एकमेव इंग्रज. त्याचं शव रोमला आणलं, सेंट पीटर चर्चमध्ये दफन झालं, आणि तिथेच कार्डिनल, म्हणजे पोप निवडणारे बडे धर्मगुरू, नवा पोप निवडायला बसले. तीन दिवस खल चालला. एकमत काही होईना.

फूट जुनीच होती. ११५६ मध्ये एड्रियनने सिसिलीच्या नॉर्मन राजाशी तह केला. तेव्हापासून एक गट सिसिलीकडे झुकलेला, दुसरा जर्मन सम्राट फ्रेडरिक बार्बारोसाकडे. पहिल्या गटाचा माणूस पोपच्या दफ्तराचा प्रमुख रोलांडो, दुसऱ्याचा ओत्ताव्हियानो. दोघंही रीतसर कार्डिनल. भाऊसाहेबांच्या तोतयासारखं हे प्रकरण नव्हतं. इथे खोटं नाव कुणीच सांगत नव्हतं.

मग वाद मिटवायचा कशाच्या आधारावर? नियम काय होता ते पाहायला हवं, कारण सगळं पाणी तिथेच मुरलंय.

१०५९ मध्ये पोप दुसऱ्या निकोलसने फर्मान काढलं होतं. आधी कार्डिनल-बिशपांनी (कार्डिनलांतला सर्वांत वरचा दर्जा) विचार करायचा, मग बाकीच्या कार्डिनलांना सामील करून घ्यायचं, शेवटी इतर धर्मगुरूंनी आणि लोकांनी संमती द्यायची. रोमची बडी घराणी आपली माणसं गादीवर बसवत, त्याला यामुळे आळा बसणार होता. निवडायचं कुणी, हे ठरलं. पण मतं फुटली तर किती मतांना विजय मानायचा? त्याबद्दल फर्मानात अवाक्षर नाही. संख्येपेक्षा ‘अधिक शहाण्या’ गटाचं मत वजनदार, असं तेव्हा मानत. आणि शहाणे आपणच, असं प्रत्येक गट म्हणणार!

११३० मध्ये नेमकं हेच झालं होतं. एका गटाने घाईघाईने दुसऱ्या इनोसंटला निवडलं, त्याच दिवशी मोठ्या गटाने दुसऱ्या अनाक्लेटसला. जास्त मतं अनाक्लेटसची, ताब्यात रोमही त्याच्याच. पण फ्रान्स, इंग्लंड आणि जर्मनी इनोसंटकडे गेले. ११३८ मध्ये अनाक्लेटस वारला, तेव्हा कुठे मार्ग निघाला.

(दृश्य : लाल कापड, जवळून, काठाची झालर)

मोजणीचा नियम नसला की खूण मोठी होते. ती खूण म्हणजे हा लाल झगा. निवड झाली की ज्येष्ठ डीकन (डीकन हाही कार्डिनलांतला एक दर्जा) तो नव्या पोपच्या खांद्यावर घालायचा. ज्याच्या अंगावर झगा, त्याच्या हाती पुरावा.

७ सप्टेंबरला बहुसंख्य कार्डिनलांनी रोलांडोचं नाव घेतलं. झगा त्याच्या अंगावर चढतोय तोच ओत्ताव्हियानोने तो ओढून घेतला. रोमच्या नगरसभेच्या एका सदस्याने, सिनेटरने, तो त्याच्या हातून हिसकावला. पण ओत्ताव्हियानोच्या माणसांनी दुसरा झगा तयारच ठेवला होता. घाईत तो उलटा पांघरला गेला. पुढची बाजू पाठीवर! गळ्याची बाजू सापडेना, तेव्हा त्याने खालची झालरच मानेभोवती बांधली. लोक हसले. पुढच्याच क्षणी दारं उघडली आणि हत्यारबंद माणसं आत शिरली.

हा तपशील रोलांडोच्या पक्षाकडून आलाय, हे लक्षात ठेवायलाच हवं. पण विरोधकांनी काय मांडलं ते पाहा. आपली मतं जास्त, असा त्यांचा मुख्य दावा नव्हताच. फेब्रुवारी ११६० मध्ये बार्बारोसाने उत्तर इटलीतल्या पाव्हियात सभा भरवली. तिथला मुद्दा हा, की सेंट पीटरमध्ये झगा ओत्ताव्हियानोच्याच अंगावर चढला, रोलांडोच्या अंगावर तो आला बाराव्या दिवशी. म्हणजे ती झोंबाझोंबी पोरखेळ नव्हती. आपण पुरावा हस्तगत करतोय, हे दोघांनाही ठाऊक होतं.

रोलांडो समर्थकांसह सेंट पीटरजवळच्या गढीत अडकला. सुटका होताच त्याने रोम सोडलं. २० सप्टेंबरला निन्फा इथे ऑस्टियाच्या बिशपने त्याचा अभिषेक केला. नव्या पोपला अभिषेक करण्याचा मान परंपरेने ऑस्टियाच्या बिशपाचा, त्यामुळे हे पारडं जड. रोलांडो झाला तिसरा अलेक्झांडर. ओत्ताव्हियानोचा अभिषेक ४ ऑक्टोबरला फार्फाच्या मठात झाला. तो चौथा व्हिक्टर.

वाद अठरा वर्षं चालला. व्हिक्टर ११६४ मध्ये लुक्का इथे वारला, तर त्याच्या जागी तिसरा पास्कल, त्याच्यानंतर तिसरा कॅलिक्स्टस. अलेक्झांडरची काही वर्षं फ्रान्समध्ये गेली. २९ मे ११७६ ला लेन्यानोच्या लढाईत उत्तर इटलीतल्या लोंबार्ड शहरांनी बार्बारोसाला हरवलं, आणि जुलै ११७७ मध्ये व्हेनिसमध्ये सम्राटाने अलेक्झांडरला पोप म्हणून मान्य केलं.

(दृश्य : लॅटरन)

मार्च ११७९. रोममधल्या लॅटरन चर्चमध्ये तिसरी लॅटरन धर्मसभा भरली. तिचा पहिलाच नियम पोपच्या निवडणुकीचा : एकमत झालं नाही, तर दोन तृतीयांश कार्डिनलांनी निवडलेलाच पोप. त्याहून कमी मतांवर कुणी ते नाव लावलं, तर तो आणि त्याला मानणारे सगळे बहिष्कृत. कार्डिनल-बिशपांचा वेगळा अग्रक्रमही गेला. ‘शहाणा गट’ ठरवायचा कुणी? इतर बिशपांच्या निवडीत वरिष्ठाकडे दाद मागता येते, रोमच्या वर कुणीच नाही; म्हणून इथे आकडाच हवा. नियमातच ही कारणमीमांसा दिलेली आहे.

या नियमाने नवी अडचणही आणली. दोन तृतीयांश जमेचनात तर काय? रोमच्या उत्तरेकडच्या व्हितेर्बोत कार्डिनल बसले, आणि १२६८ पासून १२७१ पर्यंत गादी रिकामी राहिली. म्हणून १२७४ मध्ये दहाव्या ग्रेगरीने कार्डिनलांना कोंडून घालण्याचा नियम केला : तीन दिवसांत निवड झाली नाही, तर पुढचे पाच दिवस जेवणात एकच पदार्थ; त्यानंतर फक्त भाकरी, पाणी आणि वाइन.

मे २०२५ मध्ये व्हॅटिकनमधल्या सिस्टाइन चॅपलमध्ये १३३ कार्डिनल मतदानाला बसले. त्यांत गोव्याचे आर्चबिशप फिलिप नेरी फेर्रावही होते. लागणारी मतं ८९. शेजारच्या छोट्या खोलीत पोपची वस्त्रं वेगवेगळ्या मापांत आधीच मांडून ठेवलेली असतात. मोजणी पूर्ण होऊन निवडून आलेल्याने होकार दिला, की मगच त्यांना हात लागतो.