जयंतीच्या भाषणाआधी गावाचा नकाशा

(मूळ गावापासून दूर राहणाऱ्या मराठी कुटुंबांच्या मंडळाच्या वार्षिक मेळाव्यातील भाषणाचा संपादित मजकूर)

नमस्कार मंडळी.

आपल्याकडे वर्षभर जयंत्या-पुण्यतिथ्यांना तोटा नसतो. फेटा बांधलेली, नऊवारी नेसलेली पोरं स्टेजवर येतात, पाठ केलेल्या दहा ओळी धडाधड म्हणतात आणि व्हिडिओ कॉलवर आजी-आजोबा खूश होतात. मलाही ते आवडतं. पण त्यातून मुलांना इतिहास कळतो, असं म्हणणं जरा धाडसाचं आहे. फार मोठं कुणीतरी होऊन गेलं, एवढंच त्यांना कळतं. ते कुठे घडलं आणि तिथेच का घडलं, हा भाग राहून जातो.

एक उदाहरण जरा सविस्तर घेते. महाडच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहाला २० मार्च २०२७ रोजी शंभर वर्षं होतात. आपल्या मुलांना त्याबद्दल एक वाक्य माहीत असतं: बाबासाहेबांनी तळ्याचं पाणी प्यायलं. आता हीच गोष्ट चार वर्षं आधीपासून सांगून बघा. १९२३ साली सीताराम केशव बोले यांनी मुंबईच्या कायदेमंडळात ठराव मंजूर करून घेतला, की सरकारी खर्चाने चालणारे पाणवठे, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत. त्याला धरून १९२४ मध्ये महाड नगरपालिकेनेही आपलं तळं खुलं केल्याचा ठराव केला. म्हणजे कागदोपत्री सगळं झालेलं होतं. तरीही तळ्यावर जायची कुणाची छाती होत नव्हती. १९ आणि २० मार्च १९२७ ला महाडात परिषद भरली आणि दुसऱ्या दिवशी लोक बाबासाहेबांबरोबर चालत तळ्यावर गेले. त्यानंतर गावातल्या सनातन्यांनी तळ्याचं ‘शुद्धीकरण’ केलं. ऑगस्टमध्ये नगरपालिकेने स्वतःचाच ठराव मागे घेतला. डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह ठरला, तर तळ्यावर जायला कोर्टाची तात्पुरती मनाई आली. २५ डिसेंबरला त्याच महाडात मनुस्मृती जाळली गेली. तळ्याच्या खटल्याचा मुंबई हायकोर्टातला निकाल लागला तो थेट १९३७ साली, सत्याग्रहींच्या बाजूने.

अशी सांगितली की ती एका दिवसाची गोष्ट उरत नाही. नगरपालिका म्हणजे काय, ठराव आणि अंमलबजावणी यांत किती अंतर असतं, कोर्टात वेळ का जातो, हे सगळं एका गावाच्या एका तळ्याभोवती दिसतं. दहा-बारा वर्षांच्या मुलाला हे कळतं. आपणच त्याला लहान समजून फक्त शेवटचं वाक्य देतो.

आणि प्रत्येक वेळी थोर पुरुषच हवा असंही नाही. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं, त्या लोंढ्याने खालचं खडकवासलाही गेलं आणि पुण्यात नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला. ३० सप्टेंबर १९९३ ची किल्लारीच्या भूकंपाची पहाट तर इथल्या कितीतरी जणांना स्वतःलाच आठवत असेल. या तारखांचे साक्षीदार अजून घराघरांत आहेत. नातवाने फोन करून ‘आजी, त्या दिवशी तुम्ही कुठे होतात? पाणी कुठवर आलं होतं? मग राहायला कुठे गेलात?’ एवढं विचारावं आणि नकाशावर त्या जागा शोधाव्यात. पुस्तकाआधी हे करावं, कारण पुस्तक थांबतं, माणसं थांबत नाहीत.

शिवजयंती तारखेने की तिथीने, हा वाद आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दरवर्षी पेटतो. मला तो मुलांपुढे लपवावासा वाटत नाही. शिवरायांच्या जन्माचं वर्ष पूर्वी शके १५४९, म्हणजे इ. स. १६२७ धरलं जाई. कारीच्या जेधे देशमुखांकडची शकावली, म्हणजे घटनांची सालवार नोंद, टिळकांनी १९१६ मध्ये प्रसिद्ध केली. तिच्यात फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ अशी नोंद निघाली. तिच्यावरून १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख येते. तारखा आभाळातून पडत नाहीत, कुणाच्या तरी दप्तरातून निघतात आणि त्या तपासाव्या लागतात, हे मुलांना शिकवायला याहून चांगला धडा मला माहीत नाही. (मोठ्यांनीही घ्यावा.)

आपण राहतो त्या इथल्या शहराचंही हेच. त्याचे वर्धापनदिन, जुने पूल, संप, पूर मुलांना शाळेत भेटतात, पण घरी आपण त्यावर चकार शब्द काढत नाही. महाड शिकवताना ‘इथल्या सार्वजनिक जागा पूर्वी कुणाला बंद होत्या?’ हा प्रश्न शेजारी ठेवला, तर मुलं इथल्या ग्रंथालयातून उत्तर स्वतः शोधून आणतात.

तर माझी मागणी अशी. पुढच्या मेळाव्यात मुलांची भाषणं निम्मी करू आणि एक भिंत नकाशांना देऊ. प्रत्येक घराने आपल्या मूळ तालुक्यातली एक घटना निवडायची: धरण, शाळा, गिरणी, सत्याग्रह, दुष्काळ, काहीही. तारीख, जागा, एक कागद किंवा फोटो आणि घरातल्या एका वडीलधाऱ्या माणसाची रेकॉर्ड केलेली आठवण, एवढंच. नावनोंदणीची वही आज दाराजवळच्या टेबलावर ठेवली आहे. ‘आमच्या गावात काही घडलंच नाही’ म्हणणाऱ्यांची नावं आधी लिहून घ्या, असं मी समितीला सांगून ठेवलंय.