सुंदरलाल होरा आणि ओढ्यातले मासे

मित्रहो, मासे म्हटलं की आपल्याकडे पहिली चर्चा चवीची होते. त्यामुळे बोटभर लांबीच्या, कुणी बाजारातही न विचारणाऱ्या माशांपायी आयुष्य घालवणारा माणूस आपल्याला जरा विक्षिप्तच वाटणार. सुंदरलाल होरा असे होते. जन्म १८९६चा, पंजाबातल्या हाफिजाबादचा. ते आता पाकिस्तानात आहे. १९१९ साली प्राणिशास्त्रज्ञ नेल्सन अ‍ॅनंडेल लाहोरला आले असताना त्यांनी या तरुणाला हेरलं आणि कलकत्त्याच्या भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेत बोलावून घेतलं. १९४७ साली होरा त्याच संस्थेचे संचालक झाले, १९५५ साली वारले. जाता जाता एक सांगतो, कल्याणीच्या चालुक्य राजा सोमेश्वराच्या ‘मानसोल्लासा’त गळाने मासे धरण्यावर एक प्रकरण आहे, त्यावरही या गृहस्थांनी लिहिलंय. नोकरीची हकिगत एवढी पुरे. मला बोलायचंय ते माशांच्या पोटाबद्दल.

भर पावसाळ्यात घाटातल्या ओढ्यात पाय रोवून उभं राहणं आपल्याला जमत नाही. मग तिथे चार बोटांचा मासा टिकतो कसा? आपल्याकडचा मळ्या मासा उलटा करून पाहा. हनुवटीखाली मऊ चकती असते, तिने तो खडकाला धरून राहतो. मळ्याच्या या प्रजातीगटावर होरांचा १९२१ सालचा मोठा निबंध आहे. दुसऱ्या काही माशांचं पोट सपाट, पर आडवे पसरलेले. काहींच्या छातीवर कातडीच्या घड्या. १९३० साली लंडनच्या रॉयल सोसायटीने छापलेल्या प्रबंधात त्यांनी हे सगळं एकत्र मांडलं, आणि माशांबरोबर बेडकांची शेपटीवाली पिल्लं व किड्यांच्या अळ्याही घेतल्या. कुळं वेगवेगळी, पण धावत्या पाण्याने सगळ्यांकडून सारखीच तजवीज करून घेतलेली.

आता पुढचा पेच. असे मासे ईशान्येच्या डोंगरांत आहेत आणि इकडे सह्याद्रीतही आहेत. मधल्या सपाट, गढूळ नद्या त्यांना मानवत नाहीत. मग ते आले कुठून? होरांचं उत्तर १९४९ साली ‘सातपुडा सिद्धांत’ म्हणून गाजलं: आसामकडून मेघालयातल्या गारो टेकड्या, झारखंडातल्या राजमहल टेकड्या, विंध्य-सातपुडा आणि तिथून पश्चिम घाट. गारो आणि राजमहल टेकड्यांच्या मधे आज गंगा-ब्रह्मपुत्रेचा गाळ आहे. तिथे पूर्वी डोंगर सलग होते, असं त्यांनी गृहीत धरलं.

खरी मेख त्यांच्याच प्रबंधात आहे. वेगाचं पाणी परक्यांनाही सारखं घडवतं, हे तर त्यांनीच दाखवलं होतं. मग दोन टोकांचे मासे सारखे दिसले म्हणून त्यांना भाऊबंद कसं म्हणायचं? मला ही विसंगती त्यांच्या सिद्धांतापेक्षा जास्त रंजक वाटते. पुढे डीएनए तपासल्यावर एकच समजलेल्या काही जाती वेगळ्या निघाल्या. काही मात्र खरंच नात्यातल्या आहेत, आणि त्या कोणत्या वाटेने इकडे आल्या यावर अभ्यासकांचं अजून जमलेलं नाही.