सेटिंग नेमके राहते कुठे? : ठाणे–वाशी मार्गावरचा गेमिंग माउस

(दृश्य : ट्रान्स-हार्बर मार्गावरची दुपारची लोकल)

ठाण्याहून वाशीकडे जाणाऱ्या लोकलमध्ये महाविद्यालयीन मुलांच्या पाठपिशव्यांत गुंडाळलेले कापडी पॅड आणि जुन्या मोज्यात जपून ठेवलेला माउस सापडणे आता नवलाचे राहिलेले नाही. गेमिंग कॅफेत संगणक, मॉनिटर, कीबोर्ड आणि हेडफोन तासाच्या भाड्यात मिळतात. तरीही माउस मात्र स्वतःचाच न्यायचा, असा यांच्यापैकी अनेकांचा दंडक आहे. हाताला सवयीचा झालेला आकार हे त्याचे एक कारण. दुसरे कारण डोळ्यांना दिसत नाही, कारण ते माउसच्या आतल्या एका लहानशा चिपमध्ये साठवलेले असते. हे निवेदन त्या दुसऱ्या कारणाविषयी आहे.

वाशीच्या एका कॅफेत आपल्याला ऐरोलीत राहणारा एक तरुण भेटतो. नवा माउस जोडून तो कंपनीचे सॉफ्टवेअर डाउनलोड करायला घेतो, तोच काउंटरवरचा माणूस त्याला हटकतो.

"अरे, इथे काही इन्स्टॉल करून उपयोग नाही. मशीन रीस्टार्ट झालं की सगळं उडतं."

"मग माझी सेटिंग्ज कशी राहणार, दादा?"

"घरून माउसमध्येच सेव्ह करून आणायची."

कॅफेतील बहुतेक संगणक अशा रीतीने बसवलेले असतात की प्रत्येक वेळी सुरू होताना ते पुन्हा मूळ स्थितीत येतात. आधीच्या गिऱ्हाइकाने काय उतरवले, काय बदलले, याचा मागमूस राहत नाही. मालकाच्या दृष्टीने ही व्यवस्था शहाणपणाची आहे. खेळाडूला मात्र त्यामुळे एक गोष्ट समजून घ्यावी लागते, जी घरी बसून खेळणाऱ्याला वर्षानुवर्षे कळली नाही तरी चालते : माउसची 'सेटिंग्ज' एका ठिकाणी नसतात. काही माउसच्या स्वतःच्या मेमरीत असतात, काही कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये, काही विंडोजमध्ये आणि काही थेट खेळाच्या मेनूमध्ये. घरी जुळलेला हात कॅफेत बिघडतो तो बहुधा या चार जागांची सरमिसळ झाल्यामुळे, आणि दोष मात्र माउसची हालचाल टिपणाऱ्या बिचाऱ्या सेन्सरला दिला जातो.

(दृश्य : पडद्यावर सॉफ्टवेअरची खिडकी, डीपीआयची पट्टी सरकते आहे)

सॉफ्टवेअरची नावे कंपनीगणिक वेगळी आहेत. लॉजिटेकचे जी हब, रेझरचे सिनॅप्स, कॉर्सेअरचे आयक्यू, स्टीलसिरीजचे जीजी. खिडक्यांचे रंगरूप निरनिराळे असले तरी डीपीआयची पट्टी सगळीकडे असते. माउस पॅडवर एक इंच सरकला की सेन्सर संगणकाला किती 'पावले' कळवतो, तो आकडा म्हणजे डीपीआय. विंडोजमध्ये पॉइंटरचा वेग मधल्या, म्हणजे अकरापैकी सहाव्या खुणेवर असेल आणि वेगवाढीचे कोणतेही गणित मध्ये येत नसेल, तर एका पावलाला पॉइंटर एक पिक्सेल सरकतो. यावरून हिशोब सोपा होतो. १९२० पिक्सेल रुंदीचा पडदा या टोकापासून त्या टोकापर्यंत ओलांडायला ४०० डीपीआयवर हात सुमारे १२ सेंटिमीटर न्यावा लागतो, ८०० वर सुमारे ६ आणि १६०० वर सुमारे ३ सेंटिमीटर. आता खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेला २६,००० हा आकडा घ्या : तेवढ्या डीपीआयवर दोन मिलिमीटरच्या आतच पॉइंटर पडद्याच्या पलीकडच्या कडेला जाऊन धडकेल. हा आकडा सेन्सरची क्षमता सांगतो, वापरण्याजोगी सवय सांगत नाही. दुकानात माउस निवडताना त्याच्याकडे पाठ फिरवली तरी फारसे बिघडत नाही.

डीपीआय माउसच्या आत ठरतो. त्यानंतरची दोन वळणे मात्र माउसच्या हातात नसतात. पहिले वळण विंडोजचे. तेथे 'एन्हान्स पॉइंटर प्रिसिजन' नावाची एक चौकट असते आणि अनेक संगणकांवर ती मुळातच खूण केलेली असते. नावावरून ती अचूकता वाढवणारी वाटते. प्रत्यक्षात ती हाताच्या वेगानुसार पॉइंटरचा वेग बदलते, म्हणजे तेवढेच अंतर झटकन कापले तर पॉइंटर लांब जातो आणि सावकाश कापले तर जवळ राहतो. कार्यालयीन कामात याचा त्रास जाणवत नाही. नेम धरणाऱ्या हाताला मात्र दर वेळी तेच अंतर तीच हालचाल म्हणून लक्षात ठेवायचे असते, आणि ही चौकट नेमके तेच बिघडवते. व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइक २ यांसारखे नेमबाजीचे खेळ विंडोजच्या या गणिताला वळसा घालून माउसची पावले थेट वाचतात. त्यामुळे खेळात सगळे ठीक आणि डेस्कटॉपवर पॉइंटर परका, असा अनुभव कॅफेत हमखास येतो.

दुसरे वळण खेळाच्या स्वतःच्या सेन्सिटिव्हिटीचे, म्हणजे माउसच्या पावलांना खेळाने किती प्रतिसाद द्यायचा हे मेनूमध्ये ठरवणाऱ्या आकड्याचे. खेळाडू डीपीआय आणि सेन्सिटिव्हिटी यांचा गुणाकार करून जो आकडा सांगतात, त्याला ते ईडीपीआय म्हणतात : ८०० गुणिले ०.४ म्हणजे ३२०, आणि ४०० गुणिले ०.८ म्हणजेही ३२०. दोन्हींत खेळातले वळण सारखेच असते. हा आकडा एका खेळातून दुसऱ्यात जसाच्या तसा नेता येत नाही, कारण प्रत्येक खेळ एका पावलाला किती अंश वळायचे हे आपल्या परीने ठरवतो. सेन्सिटिव्हिटी १ असताना व्हॅलोरंटमध्ये एका पावलाला ०.०७ अंश वळण मिळते, तर काउंटर-स्ट्राइकमध्ये ०.०२२ अंश. म्हणून व्हॅलोरंटमधला आकडा तिकडे नेताना त्याला सुमारे ३.१८ ने गुणावे लागते.

(दृश्य : घोडबंदर रस्त्यावरच्या इमारतीतील एक खोली, भिंतीला लागून अरुंद टेबल)

एवढे गणित मांडल्यावर वाटावे की योग्य आकडा कागदावर काढता येईल. ठाण्यातल्या घरांत तो बऱ्याचदा टेबलाची रुंदी ठरवते. व्हॅलोरंटमध्ये ३२० ईडीपीआय ठेवले, तर खेळात जागच्या जागी पूर्ण एक गिरकी घ्यायला माउस सुमारे ४१ सेंटिमीटर न्यावा लागतो. घोडबंदर रस्त्यावरच्या एका वन बीएचके सदनिकेत आपल्याला दिसणारे टेबल दोन फुटी, म्हणजे ६१ सेंटिमीटरचे आहे; त्यावर ४५ सेंटिमीटरचा पूर्ण आकाराचा कीबोर्ड ठेवला की माउससाठी १६ सेंटिमीटर उरतात. एवढ्या जागेत हात एका दमात सुमारे १४० अंशच वळू शकतो. पाठीमागून कोणी आले, तर मध्येच माउस उचलून पुन्हा मागे ठेवावा लागतो, आणि तोवर डाव संपलेला असतो.

यावर तीन उपाय दिसतात आणि तिन्ही या गावात चालू आहेत. कोणी अंकांचा भाग नसलेला आखूड कीबोर्ड घेतो, कोणी आहे तोच कीबोर्ड तिरका करून त्याचे एक टोक टेबलाबाहेर काढतो, आणि कोणी सेन्सिटिव्हिटी वाढवतो. ८०० डीपीआयवर ती ०.५१ केली की त्याच १६ सेंटिमीटरांत अर्धी गिरकी बसते. व्यावसायिक खेळाडूंची सेटिंग्ज जशीच्या तशी उतरवून घेणाऱ्यांनी आधी त्यांच्या टेबलाचा आकार विचारात घ्यावा, असे सुचवावेसे वाटते.

माउस वारंवार उचलणाऱ्यांसाठी सॉफ्टवेअरमधले आणखी एक कलम महत्त्वाचे ठरते. माउस पॅडपासून किती उंच गेला की सेन्सरने बघणे थांबवावे, ती उंची म्हणजे लिफ्ट-ऑफ डिस्टन्स. चांगल्या माउसमध्ये ती एक किंवा दोन मिलिमीटर अशी निवडता येते. ती जास्त असेल, तर माउस उचलून मागे नेतानाही नेम हलत राहतो. तिरकी रेघ आपोआप सरळ करणारे 'अँगल स्नॅपिंग' नावाचे एक बटणही अनेकदा असते. ते बंद ठेवावे.

पोलिंग रेटविषयी थोडक्यात. माउस आपली स्थिती संगणकाला सेकंदाला किती वेळा कळवतो, ते हा आकडा सांगतो : १२५ हर्ट्झ म्हणजे दर ८ मिलिसेकंदांनी, १००० हर्ट्झ म्हणजे दर एका मिलिसेकंदाने. पहिल्यावरून दुसऱ्यावर जाणे हाताला कळते. पुढचे ८००० हर्ट्झचे माउस संगणकाच्या प्रोसेसरवर भार टाकतात, आणि वायरलेस माउसची बॅटरीही वरच्या दरांवर लवकर संपते. जुन्या संगणकावर १००० पुरेसे आहे.

(दृश्य : सोल्डरिंगची टोकदार लोखंडी सळई, उघडलेला माउस)

ठाणे स्थानकाजवळच्या दुरुस्तीच्या एका लहान दुकानात येणाऱ्या माउसची तक्रार बहुधा एकच असते : एकदा दाबले तर दोनदा क्लिक होते. यांत्रिक स्विचमधली धातूची पट्टी दाबल्यावर एकदम स्थिरावत नाही, क्षणभर थरथरते. ती थरथर म्हणजे अनेक क्लिक, असे समजू नये म्हणून माउस काही मिलिसेकंद थांबून मगच निर्णय घेतो. या थांबण्याला डिबाउन्स म्हणतात. पट्टी झिजली किंवा संपर्कबिंदूवर थर जमला की थरथर लांबते आणि ठरलेला वेळ अपुरा पडतो. काही कंपन्यांचे सॉफ्टवेअर हा वेळ वाढवू देते, आणि दोनऐवजी दहा मिलिसेकंद केले तर मरू घातलेला माउस आणखी काही काळ चालतो. पण प्रत्येक क्लिक तेवढीच उशिरा पोचण्याची शक्यता असते. दुकानदार म्हणतो, "सॉफ्टवेअरनं पट्टी बरी होत नाही, स्विच बदला." त्याचे म्हणणे खरे आहे. ज्या माउसमध्ये धातूच्या संपर्काऐवजी प्रकाशाचा किरण अडवून क्लिक ओळखली जाते, त्यांना या आजाराची बाधा होत नाही.

आता बटणांकडे वळू, कारण सॉफ्टवेअरचा खरा उपयोग तेथे दिसतो, आणि गंमत म्हणजे तो खेळाबाहेर जास्त दिसतो. डग्लस एंगलबार्ट यांनी ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत जो माउस जाहीरपणे चालवून दाखवला, त्याला तीन बटणे होती. आज काही गेमिंग माउसच्या एकट्या अंगठ्याखाली बारा बटणे असतात.

नौपाड्यात लग्नपत्रिका आणि पावतीपुस्तके तयार करणाऱ्या एका डीटीपी कार्यालयात असाच एक बारा बटणांचा माउस आहे. तो चालवणाऱ्या ताईंनी आजवर एकही खेळ खेळलेला नाही. कोरल ड्रॉमध्ये वस्तूची दुसरी प्रत काढणारे कंट्रोल-डी, सगळे एका दृष्टिक्षेपात आणणारे एफ-४ आणि छपाईला पाठवण्यापूर्वी देवनागरी अक्षरांचे आकृत्यांत रूपांतर करणारे कंट्रोल-क्यू, अशी त्यांची नित्याची कामे अंगठ्यावर आली आहेत. शेवटची आज्ञा चुकून दाबली गेली तर मजकूर पुन्हा टंकता येत नाही, म्हणून ती त्यांनी मुद्दाम थेट बटणावर न ठेवता दुसऱ्या थरावर ठेवली आहे. एक बटण दाबून धरले की उरलेल्या सर्व बटणांचे अर्थ बदलतात; लॉजिटेक याला जी-शिफ्ट म्हणते, रेझर हायपरशिफ्ट.

सॉफ्टवेअर बंद असतानाही हे चालते कसे? असा माउस संगणकाला जोडला जाताना स्वतःची ओळख माउस म्हणून देतो आणि त्याच वेळी कीबोर्ड म्हणूनही देतो. बाजूचे बटण दाबले की त्याच्या आतला कीबोर्ड कंट्रोल आणि डी या कळा पाठवतो. संगणकाला दोन्हींत फरक करण्याचे कारण नसते. यातूनच मराठी लिहिणाऱ्यांसाठी एक खास अडचण निर्माण होते. माउस अक्षरे पाठवत नाही, कळा पाठवतो, आणि कळेचे अक्षर कोणते हे विंडोजमध्ये त्या क्षणी निवडलेली मांडणी ठरवते. इन्स्क्रिप्ट ही भारतीय लिप्यांसाठीची कीबोर्ड मांडणी चालू असताना एच, के आणि एल या कळांतून प, क आणि त उमटतात. त्यामुळे कार्यालयाचा ईमेल पत्ता मॅक्रो म्हणून, म्हणजे एका बटणावर नोंदवलेली कळांची मालिका म्हणून, माउसमध्ये साठवला आणि मराठी मांडणी चालू असताना बटण दाबले, तर पत्रिकेत अगम्य अक्षरांची ओळ उमटते. मॅक्रोत अक्षरांपेक्षा आज्ञा ठेवणे म्हणूनच बरे.

खेळांत मॅक्रोचा प्रश्न वेगळा आहे. एका दाबात अनेक हालचाली आपोआप घडवणे सॉफ्टवेअरला सहज जमते, पण ते खेळाला मान्य असेलच असे नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये व्हॉल्व्ह कंपनीने काउंटर-स्ट्राइक २ च्या अधिकृत सर्व्हरवर अशा स्वयंचलित हालचालींना मनाई केली आणि त्या आढळल्यास खेळाडूला सामन्यातून बाहेर काढण्यास सुरुवात केली. बटणाचा अर्थ बदलणे आणि बटणाने आपल्या वतीने खेळणे, यांत ही रेषा आहे, आणि ती योग्य जागी आहे असे आमचे मत आहे.

(दृश्य : पुन्हा सॉफ्टवेअरची खिडकी, प्रोफाइलची यादी)

मग घरून कॅफेत नेमके काय नेता येते? डीपीआयचे टप्पे, पोलिंग रेट, बटणांचे साधे अर्थ आणि अनेक माउसमध्ये छोटे मॅक्रोही ऑनबोर्ड, म्हणजे माउसच्या स्वतःच्या, मेमरीत जातात. खेळ सुरू होताच आपोआप बदलणारे प्रोफाइल, म्हणजे त्या त्या खेळासाठीचे सेटिंग्जचे संच, जात नाहीत, कारण कोणता खेळ चालू आहे हे माउसला कळत नाही. ते पाहणारे सॉफ्टवेअर घरच्या संगणकावर राहिलेले असते. जी हबमध्ये ऑनबोर्ड मेमरी मोड हा स्वतंत्र खटका आहे, आणि तो चालू केल्याशिवाय सॉफ्टवेअरचीच सेटिंग्ज माउसवर लागू होत राहतात. घरातून निघण्यापूर्वी सॉफ्टवेअर पूर्ण बंद करून माउस कसा वागतो, ते पाहणे ही सर्वांत खात्रीची चाचणी.

कॅफेमालक अशा सॉफ्टवेअरला बिचकतात, त्याला एक जुना संदर्भही आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये एका संशोधकाने दाखवून दिले की रेझरचा माउस जोडताच विंडोज जे इन्स्टॉलर आपोआप उतरवून चालवत असे, त्याच्या खिडकीतून साध्या वापरकर्त्याला संगणकाचे सर्वोच्च अधिकार मिळवता येत होते. त्यासाठी संगणकासमोर बसणे आवश्यक होते. कॅफेत तर प्रत्येक जण संगणकासमोरच बसतो.

लिनक्स वापरणाऱ्यांसाठी पायपर नावाचा मुक्त प्रोग्रॅम आहे, जो अनेक कंपन्यांच्या माउसची ऑनबोर्ड मेमरी एकाच खिडकीतून बदलतो. अलीकडे काही कंपन्यांनी सॉफ्टवेअर उतरवण्याची गरजच काढून टाकली आहे : त्यांचे पान क्रोम किंवा एज ब्राउझरमध्ये उघडायचे, माउसला जोडणीची परवानगी द्यायची, आकडे बदलायचे आणि ते थेट माउसच्या मेमरीत लिहायचे. वाशीच्या त्या कॅफेत ब्राउझर प्रत्येक संगणकावर आहे आणि काउंटरवरच्या माणसाची त्याला हरकत नाही.