घंगाळातला पाहुणा

नमस्कार श्रोतेहो. माणूस गेल्यावर प्राणी, झाडं, नदी यांच्या संगतीनं मन कसं सावरतं, यावर मला बोलायला सांगितलंय. विषय मोठा आणि हातात पाच मिनिटं. आधीच कबूल करते, यातलं शास्त्र मला येत नाही. मला एका कासवाची गोष्ट येते, तीच सांगते.

२०२४ची जन्माष्टमी आठवते ना? बडोद्यात कोण विसरेल! पावागडाकडून येणारी आपली विश्वामित्री ३५ फुटांच्या वर गेली होती. रस्त्यांवर मगरी. तीन दिवसांत २४ पकडल्या म्हणे. लोक मगरींनाच नावं ठेवत होते. अहो, नदीच्या पोटात प्लॉट काय मगरींनी पाडले? असो.

आमचं घर नदीकडच्या अंगाला, तळमजल्यावर. ह्यांना जाऊन अकरा महिने झाले होते. वर्षश्राद्ध महिन्यावर आलेलं. आणि अकरा महिन्यांत मी ह्यांचं कपाट उघडलं नव्हतं. मुलगा पुण्याहून फोनवर म्हणायचा, "आई, कपडे कुणाला तरी देऊन टाक." मी म्हणायची, बघू. शेजारच्या बायका म्हणायच्या, काळ हेच औषध. मला या वाक्याचा फार राग येतो. औषध असेल तर डोस तरी सांगा, सकाळी की जेवणानंतर?

पाणी घरात गुडघाभर आलं. रात्रभर मी ओट्यावर बसून काढली. लाइट नाही, फोन बंद. दुसऱ्या दिवशी पाणी उतरलं आणि चिखल राहिला. कपाटाचं लाकूड फुगून दार आपोआप उघडलेलं. खाली लोंबणाऱ्या धोतराच्या सोग्यात काहीतरी हललं. मला वाटलं, साप. झाडूच्या दांड्यानं सोगा उचलला, तर कासव! ताटलीएवढं. मला पाहताच आत गेलं. डोकं आत, पाय आत, आणि मागच्या पायांवर खालून चक्क झडपा लागल्या. माजघराचं दार लावून घ्यावं तशा. अकरा महिने मी तरी दुसरं काय करत होते?

सासूबाईंचं तांब्याचं घंगाळ काढलं. (घंगाळं मोडीत घालू नका हो! प्लॅस्टिकच्या टबात ती ऐट नाही. आमच्या जाऊबाईंनी विकलं, अजून हळहळतात.) त्यात बोटभर पाणी घालून कासवाला ठेवलं. फार पाणी घालू नये. पाण्यातलं कासव असलं तरी श्वासाला त्याला वर यावं लागतं. पोळीचा तुकडा टाकला, मेथी टाकली. कशाला तोंड लावेना.

रात्री मेणबत्ती लावून मी त्याच्याशेजारी बसले आणि बोलायला लागले. आधी चिखलावर, मग दुधाच्या टँकरवर, मग ह्यांच्यावर. शेवटच्या आठवड्यात मी एकदा ह्यांच्यावर चिडले होते, चहा सांडला म्हणून. हे मी मुलालासुद्धा सांगितलं नव्हतं. कासवाला सांगितलं. त्यानं "असं मनाला लावून घेऊ नका" म्हटलं नाही. काहीच म्हटलं नाही. पहाटे पाहिलं, तर नाक बाहेर. नुसतं नाक, पेन्सिलीच्या टोकाएवढं.

श्रोतेहो, परत सांगते, त्यानं काही म्हटलं नाही. आपल्याला काही न विचारणारा, पण ज्याचं पाणी आपल्याला बदलावं लागतं, असा कुणीतरी जवळ हवा. मग तो कासव असो, दारातली गाय असो, नाहीतर कुंडीतली तुळस. पाणी बदलावं लागलं पाहिजे, एवढंच.

तिसऱ्या दिवशी प्राणी सोडवणारा एक मुलगा आला. पोरगेलासा, नखशिखांत भिजलेला. म्हणाला, "मासी, आने घरमां न रखाय." १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं आपल्याकडची रानटी कासवं घरी ठेवता येत नाहीत. मला ठाऊक नव्हतं, तुम्हाला असू द्या. आणि दिसेल त्या तळ्यात आपल्या मनानं सोडूही नका, जाणत्याला बोलवा. त्यानंच सांगितलं, ही कासवं उन्हाळ्यात तळं आटलं की चिखलात गाडून घेऊन महिनोन्‌महिने पडून राहतात. मेली नसतात. पाऊस आला की निघतात.

मी हट्टानं बरोबर गेले. काठावर त्यानं कासव चिखलात ठेवलं, तर ते हलेचना. आम्ही दोघं पावसात उभे. मला तर रागच आला, एवढी मेथी निवडली होती! मग झडपा उघडल्या, चार पावलं, आणि पाणी. वळून वगैरे काही पाहिलं नाही.

घरी येऊन कपाट पूर्ण उघडलं. ह्यांचा रेनकोट तेवढा धड होता. पुसून त्या मुलाला दिला.

पुढच्या पावसाळ्यात मागच्या गल्लीत धामण निघाली, तेव्हा तो पुन्हा आला. अंगात तोच रेनकोट. म्हणाला, "मासी, बाही जरा आखूड पडते."