रिपोर्टातली वजाबाकी

(विदर्भातल्या एका गावाच्या वाचनालयात, शेती सांभाळणाऱ्या आणि भरतीची तयारी करणाऱ्या तरुणांसमोर एका डॉक्टरबाईंनी दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन.)

फळ्यावर एक रिपोर्ट लिहिला आहे, तो आधी पाहा. वय २६. एकूण कोलेस्टेरॉल १९०, त्यातलं 'चांगलं' म्हणतात ते एचडीएल ३२, ट्रायग्लिसराइड म्हणजे रक्तातली दुसरी चरबी २४०, आणि 'वाईट' म्हणतात ते कोलेस्टेरॉल, एलडीएल, ११०. हा कोणा एकाचा रिपोर्ट नाही. पण या धाटणीचे कागद घेऊन तुमच्याच वयाची पोरं माझ्याकडे येतात आणि म्हणतात, "मॅडम, दोनशेच्या आत आहे म्हणजे नॉर्मलच ना?" मी त्यांना एक वजाबाकी करायला लावते. एकूण आकड्यातून एचडीएल वजा करा. १९० वजा ३२, म्हणजे १५८. रक्तवाहिनीच्या भिंतीत शिरून तिथे साचू शकतं ते सगळं कोलेस्टेरॉल या १५८ मध्ये आलं. निरोगी तरुणात हा आकडा १३० च्या आत हवा. एकूण आकडा नॉर्मल दिसला म्हणून हा पोरगा निर्धास्त घरी जातो, आणि त्याची मला फार काळजी वाटते.

आपल्याकडे बिघाड असाच, आडून येतो. आयसीएमआर, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, तिच्या मधुमेह पाहणीतले कोलेस्टेरॉलचे निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाले. त्यात महाराष्ट्र होता, खेडीही होती. एलडीएल वाढलेली माणसं साधारण १२ टक्के निघाली, ट्रायग्लिसराइड वाढलेली जवळपास ३० टक्के, आणि एचडीएल कमी असलेली ७२ टक्के. म्हणजे आपली मुख्य अडचण नुसती 'कोलेस्टेरॉल वाढलं' एवढीच नाही. म्हणून माझं आजचं सांगणं एकच आहे: चारही आकडे वेगवेगळे वाचा, कारण प्रत्येक आकडा वेगळ्या गोष्टीनं हलतो. काय खायचं, किती चालायचं, काय सोडायचं हे तुमचा कोणता आकडा बिघडला आहे त्यावर ठरतं.

"पण मी तर बारीक आहे," हे वाक्य मला रोज ऐकू येतं. हातपाय काडीसारखे आणि पोट तेवढं पुढे, ही ठेवण आपल्या भागात खूप आहे, आणि पोटातली चरबीच यकृताला जास्त त्रास देते. "अजून वय कुठे झालं?" हे दुसरं वाक्य. १९५३ साली कोरियन युद्धात मेलेल्या ३०० अमेरिकी सैनिकांची हृदयं तपासल्याचा अहवाल आला. त्यांचं सरासरी वय होतं २२. त्यातल्या तीन-चतुर्थांशाहून जास्त जणांच्या हृदयाच्या धमन्यांत रोगाची सुरुवात डोळ्यांना दिसत होती. ही सैन्यातली धडधाकट पोरं होती. म्हणून पहिली तपासणी अठराव्या वर्षीच करा, असं आता आपल्या देशातले हृदयरोगतज्ज्ञही सांगतात.

आता थोडं यकृताबद्दल, कारण पुढचं सगळं तिथेच घडतं. शरीरातलं बहुतेक कोलेस्टेरॉल यकृत आणि बाकीच्या पेशी स्वतः बनवतात. ताटातून येतं ते त्या मानानं थोडं. यकृताच्या पेशींवर दारं असतात. रक्तातलं एलडीएल या दारांतून आत ओढलं जातं आणि निकाली निघतं. ही दारं शोधली ब्राउन आणि गोल्डस्टीन या दोन अमेरिकी डॉक्टरांनी, आणि त्यासाठी १९८५ साली त्यांना नोबेल मिळालं. दारं जितकी जास्त, तितकं रक्तातलं एलडीएल कमी. पामतेल, वनस्पती तूप, चरबीचं मटण यांतला संतृप्त स्निग्ध पदार्थ (सॅच्युरेटेड फॅट) ही दारं कमी करतो. डाळी-कडधान्यांतला विरघळणारा चोथा (फायबर) ती वाढवतो. कसं? यकृत कोलेस्टेरॉलपासून पित्त बनवतं, ते आतड्यात येतं आणि एरवी बरंचसं परत शोषलं जातं. चोथा त्या पित्ताला धरून शौचावाटे बाहेर नेतो. मग नवं पित्त बनवायला यकृताला रक्तातून कोलेस्टेरॉल ओढावं लागतं. कोलेस्टेरॉल उतरवणारी स्टॅटिन नावाची गोळीसुद्धा शेवटी हीच दारं वाढवते. गोळी आणि ताट यांची कामं वेगळी नाहीत, एवढं त्यातून ध्यानात घ्या.

तर ताटाकडे येऊ. तुमच्या आजीच्या ताटात काय होतं? जवारीची भाकर, तुरीचं वरण, अंबाडीची भाजी, जवसाची चटणी, कधी कण्या आणि ताक. सोयाबीन आलं आणि खरिपातली जवारी वावरातून गेली, राशनवर गहू-तांदूळ आला, आणि जवस तर आता कुणाच्या तरी बांधाशी दिसतो. आजीचं सगळं बरोबर होतं असं मी म्हणणार नाही; तिच्या ताटात पोटभर मिळण्याचीच मारामार असायची. पण त्यातल्या दोन गोष्टी परत आणा, असं मी हात जोडून सांगते. पहिली, हरभरा आणि तूर. आपण विदर्भवाले हरभरा पिकवतो, विकतो, आणि संध्याकाळी दुकानातून कुरकुरीत पुडा आणून खातो. त्या पुड्याच्या मागची बारीक अक्षरं वाचा, बहुतेक वेळा पामोलिन लिहिलेलं सापडेल. पामतेलात जवळपास अर्धा भाग संतृप्त असतो, सोयाबीन तेलात साधारण सहावा-सातवा. त्याच पैशात मूठभर फुटाणे येतात. भिजवलेला हरभरा, मोड आलेली मटकी, घट्ट वरण, यांतलं काहीतरी दोन्ही वेळच्या ताटात असू द्या. दुसरी गोष्ट जवस. भाजून कुटलेलाच खा, अख्खा दाणा न पचता तसाच निघून जातो. दिवसाला दोन चमचे पूड पुरे. त्यात ओमेगा-३ जातीची स्निग्धता आहे आणि विरघळणारा चोथाही. चटणीत मीठ मात्र हात राखून.

वरूड-मोर्शीच्या पट्ट्यातली संत्री हंगामात आपल्याकडे ढिगानं येतात. ती पिळून पिऊ नका, फोडी खा, पांढऱ्या शिरांसकट. गुण चोथ्यात आहे. पेरू तसाच. भेंडी, गवार, मुंगन्याच्या (शेवग्याच्या) शेंगा, मेथी, सगळं चालतं.

तेलाचं एक सांगते. कोणतं तेल चांगलं, यावर पोरं तासभर वाद घालतात. किती तेल, हे कोणी मोजत नाही. माणशी दिवसाला चार-पाच चहाचे चमचे, सगळ्या भाज्या, फोडण्या, तळण धरून. घरात पाच माणसं असतील तर महिन्याला तीन-चार लिटरांत भागलं पाहिजे. घरी जाऊन डबा किती दिवसांत संपतो ते आईला विचारा. सावजी रस्सा आठवड्यातून एकदा खायचा तर खा, पण वरची तर्री पळीनं बाजूला काढा. मालगुजारी तलावाची मासळी मिळत असेल तर उत्तम, फक्त ती तळून तिचं भलेपण घालवू नका. अंडं? दिवसाला एक, बहुतेकांना चालतं. रोडग्यावरच्या तुपाबद्दल मघाशी एका काकूंनी विचारलं. वर्षातून चार वेळा पंगतीला रोडगे होतात, तेव्हा तूप वाढा, खुशाल वाढा. मला काळजी रोजच्या वरणातल्या पळीभर तुपाची आणि टपरीवरच्या आलूबोंड्याची आहे. तिथली कढई सकाळपासून तीच असते.

हे सगळं झालं एलडीएलसाठी. ट्रायग्लिसराइडचा रस्ता निराळा. ते वाढतं साखरेनं, ढीगभर पांढऱ्या भातानं, थंड गोड बाटल्यांनी आणि दारूनं. दिवसाला पाच-सहा कप गोड चहा पिणाऱ्या पोरांना मी आधी चहाच मोजायला सांगते. भंडारा-गोंदियाकडे भात सोडा असं सांगणं अन्यायाचं होईल. भात अर्धा करा, वरण-भाजी दुप्पट करा. दारूला मात्र इथे काहीच जागा नाही. ट्रायग्लिसराइड ५०० च्या वर गेलं तर स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका असतो, तो आजार जीवघेणा ठरू शकतो. तिथे घरगुती उपायांची वाट पाहू नका, डॉक्टरकडे जा.

एचडीएल कशानं वाढतं म्हणाल, तर ते वाढवणारं एकही जादूचं फळ नाही. ते कमी करणाऱ्या गोष्टी सोडाव्या लागतात. धूम्रपानानं ते घटतं. आणि खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचं घोटलेलं मिश्रण. या सभागृहात किती जणांच्या खिशात पन्नी आहे ते मला माहीत आहे, मी कोणाला उभं करणार नाही. पण ऐका: खर्रा खाणारे तोंडाच्या कॅन्सरचं नाव काढलं की गप्प होतात, हृदयाचा विचारच करत नाहीत. चघळायच्या तंबाखूतलं निकोटीन रक्तातच जातं, नाडी आणि रक्तदाब वाढवतं, आणि हृदयविकारानं मरण्याचा धोका वाढवतं. आधीच १५८ चा आकडा असलेल्या धमनीवर हा दुसरा घाव आहे. सुटत नसेल तर सरकारी दवाखान्यात समुपदेशन मागा, त्यात लाज कसली?

व्यायामाबद्दल खरं तेवढंच सांगते, कारण यात फार फुगवून बोललं जातं. नुसत्या व्यायामानं एलडीएल फारसं उतरत नाही. ट्रायग्लिसराइड मात्र चांगलं उतरतं, एचडीएल थोडं चढतं, पोट आत जातं, साखर आणि रक्तदाब सुधारतो. वजन जास्त असेल आणि चार-पाच किलो उतरलं, तर एलडीएलही पाच ते आठ टक्क्यांनी खाली येतं. म्हणून ताट आणि व्यायाम जोडीनं लागतात; नीट जमलं तर एलडीएल वीस-तीस टक्क्यांपर्यंत उतरू शकतं, आणि तुमच्या वयात बऱ्याच जणांना तेवढं पुरतं.

"आम्ही वावरात राबतो की," हे मला पटायचं, पूर्वी. आता निंदणाला तणनाशक, नांगरटीला ट्रॅक्टर, वावरापर्यंत फटफटी. राबणं उरलं ते पेरणीत आणि वेचणीत, मधले महिने पारावर. आणि सगळ्यात वाईट वाटतं ते भरतीच्या पोरांचं. पहाटे चारला डांबरी रस्त्यावर सोळाशे मीटर मारणारी पोरं, काय फुप्फुसं, काय पाय! वयाची अट ओलांडली की दुसऱ्या दिवसापासून बूट खुंटीला. मग दोन-तीन वर्षांत पोट सुटतं, आणि आहार मात्र पळणाऱ्याचाच राहतो. बाबांनो, धावणं नोकरीसाठी सुरू केलंत, ते शरीरासाठी चालू ठेवा. आपल्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळानं १९१४ पासून या मातीत व्यायाम रुजवला. त्यांचा चमू १९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिकमध्ये भारतीय खेळांची प्रात्यक्षिकं करून आला. त्यांच्या दंड-बैठकांना ना मशीन लागतं ना महिन्याची फी.

आठवड्यात किमान दीडशे मिनिटं दमदार चालणं, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही अशा वेगानं. दोन दिवस दंड-बैठका किंवा वजनाची कामं. एप्रिल-मे मध्ये आपल्याकडे पारा ४५ वर जातो, तेव्हा सूर्य वर यायच्या आत आटपा. पोरींनी कुठे चालायचं, हा प्रश्न खरा आहे. गावात संध्याकाळी रस्त्यावर निघालं की नजरा असतात. चार-पाच जणी मिळून निघा, शाळेचं मैदान ग्रामपंचायतीकडून मागून घ्या; अंगणात दोरीवरच्या उड्या आणि बैठकाही चालतात.

तीन महिने हे मनापासून करा आणि पुन्हा रक्त तपासा. त्याबरोबर थायरॉइड आणि साखरही पाहून घ्या; थायरॉइड मंद असेल तर एलडीएल आपोआप चढतं आणि तुम्ही उगाच भाकर-भाजीला दोष देत बसता.

शेवटी ज्यांचं एलडीएल १९० च्या वर आहे त्यांच्यासाठी. ही दारांची जन्मजात उणीव असू शकते, साधारण अडीचशे माणसांत एकाला ती असते. अशा तरुणानं कितीही पथ्य केलं तरी आकडा पुरेसा उतरत नाही. तो आळशी नसतो, त्याला गोळी लागते, आणि ती बहुधा कायमची लागते. यूट्यूब पाहून ती बंद करू नका. मुलींनी, मूल हवं असेल तर गोळीबद्दल आधी डॉक्टरांशी बोला. घरात कोणा पुरुषाला पंचावन्नच्या आत, बाईला पासष्टच्या आत हृदयविकाराचा झटका आला असेल तर तेही सांगा. आणि असा आकडा तुमचा निघाला, तर सख्ख्या भावाबहिणींना त्याच आठवड्यात तपासणीला आणा. त्यांच्यात तो दोष असण्याची शक्यता निम्मी असते. उपाशीपोटीच यायला हवं असं नाही, भाकर खाऊन आलात तरी चालेल. ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर निघालं तरच उपाशीपोटी पुन्हा बोलावतील.