मे महिन्यात पाणी कोण घालणार?

(हातात वाळलेली काडी)

राम राम मंडळी! कसं काय शे?

ही काडी बघा. हा कडुनिंब होता. मी आधी ज्या शाळेत होतो, तिथे आम्ही एका वर्षी 1 जुलैला, कृषिदिनी, 40 रोपं लावली. सरपंच आले, नारळ फुटला, पोरांना बिस्किटं मिळाली, ग्रुपवर फोटो गेले, अंगठे पडले. पुढच्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सहज चक्कर मारली तर 3 रोपं जिवंत. तिन्ही हापशाजवळची! म्हणजे आमच्या पुण्याईनं नाही, हापशाच्या सांडपाण्यानं जगली.

तेव्हापासून कोणी म्हणालं, "सर, मुलांना समाजासाठी काहीतरी करायची सवय लावू या," की मी एकच विचारतो. मे महिन्यात पाणी कोण घालणार?

आपल्या खानदेशात मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो, शाळेला सुट्टी, गुरुजी गावाला. जुलैतला उत्साह कुणालाही येतो हो.

हे शिकवायला बाहेरून काही आणायची गरज नाही. धुळे जिल्ह्यात साक्रीकडच्या आजोबांना विचारा, फड म्हणजे काय ते. पांझरा नदीवर बंधारे, बंधाऱ्यातून पाट, आणि त्या पाण्यावर भिजणारी जमीन फडांत, म्हणजे मोठ्या तुकड्यांत, वाटलेली. ही पद्धत 300 वर्षांहून जुनी. गंमत इंजिनिअरिंगमध्ये नाही, माणसांत आहे. हंगामाआधी पाटातला गाळ शेतकऱ्यांनीच काढायचा. पाणी सोडायला पाटकरी, राखणीला जागल्या, आणि त्यांचा मोबदला शेतकऱ्यांनीच द्यायचा, बहुतेक धान्यात. तिथे "मी समाजाला देतोय" असं कोणी म्हणत नसे. गाळ काढला नाही तर पाणी पुढे सरकणार नाही, एवढं साधं. मी पाचवीच्या मुलांना हे सांगितलं तेव्हा एकानं विचारलं, "सर, आपल्या शाळेचा पाट कुठला?"

मला उत्तर आलं नाही. म्हणून आम्ही शोधायला निघालो.

हे करून बघा. एक शनिवार घ्या. पहिली ते आठवीला आनंददायी शनिवार आहेच. वही-पेन्सिल घेऊन शाळेभोवती आणि गल्लीत फिरा. मोठ्यांनी गप्प बसायचं. हे फार अवघड आहे, मला अजून जमत नाही. मुलांनी फक्त लिहायचं, कुठे काय अडतंय. आमच्या मनात वृक्षारोपण, स्वच्छता, रंगरंगोटी असलं होतं. मुलांच्या वहीत आलं, की टाकीचा नळ टपकतो, अंगणवाडीची बारकी पोरं पाणी प्यायला येतात त्यांचा हात नळाला पुरत नाही, आणि बसथांब्यावर बसणाऱ्या आजींना बसची पाटी वाचता येत नाही. ही आजींची नोंद तिसरीतल्या मुलीची. पुढे दोन मुलं आठवड्यातून दोनदा थांब्यावर जाऊन पाटी वाचून दाखवायला लागली. खर्च शून्य. फोटोही नाही, कारण आजींनी फोटो काढू दिला नाही.

आता झाडू. यावर जरा थांबतो, कारण इथेच पालक चिडतात आणि बरोबर चिडतात. "आम्ही पोराला शिकायला पाठवतो, झाडायला नाही." मी आधी वाद घालायचो. मग एक दिवस वर्गात नीट बघितलं. झाडू मुलींच्या हातात, बाकं उचलायला मुलं. आणि मुलींमध्येही झाडू ठरावीक वाड्यातल्याच मुलींकडे. कोणी सांगितलं नव्हतं, आपोआप. त्या 'आपोआप'मध्ये काय भरलंय ते तुम्हाला माहीत आहे, मला बोलायला लावू नका.

म्हणून आमच्याकडे झाडू हजेरी क्रमांकानं फिरतो. मुलगा असो, मुलगी असो, सरपंचांचा नातू असो. शेवटचा क्रमांक माझा. संडास मुलांकडून धुऊन घ्यायचा नाही, तो विषयच नाही. आणि उशिरा आलास म्हणून झाडू घे, हे तर मुळीच नको. शिक्षा म्हणून हातात दिलेलं काम मोठेपणी आनंदानं कोण करेल? शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 मध्ये शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना बंदी आहे, तेही ध्यानात असू द्या.

साने गुरुजी 1924 ते 1930 अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये होते. तिथल्या छात्रालयाची जबाबदारी त्यांच्याकडे होती आणि मुलांच्या खोल्या ते स्वतः झाडून काढत. भाषण न देता. मला एवढं जमत नाही, पण महिन्यातून एक दिवस जमतो.

(टेबलावरचं मडकं पुढे ओढत)

बरं, मे महिना. हे साधं मडकं. बुडाला बारीक भोक, त्यात सुती वात. रोपाशेजारी गळ्यापर्यंत पुरायचं, भरायचं, वर झाकण. पाणी हळूहळू मुळाशी झिरपतं. 10 लिटरचं मडकं मातीप्रमाणे काही दिवस पुरतं, रोज बादली घेऊन पळावं लागत नाही. भोवती केळीची वाळलेली पानं अंथरा. रावेर-यावलकडे ती बांधावर पडलेली असतात, मागा, कोणीही देईल. आणि 40 रोपं नको. जेवढी पोरं सुट्टीत गावातच राहणार, तेवढीच लावा. आम्ही 6 लावली.

पाण्याचा हिशेब गणिताच्या तासाला घाला. पत्र्याच्या एका चौरस मीटरवर एक मिलीमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. शाळेचं छप्पर 100 चौरस मीटर आणि वर्षाचा पाऊस 600 मिलीमीटर धरला, तर 60,000 लिटर. थोडं वाया जातं ते सोडा. मुलांनी हा आकडा फळ्यावर बघितला आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत स्वतः मांडला. पन्हाळीचे पैसे दोन पालकांनी दिले. आम्ही मागितले असते तर मिळाले नसते, हे मी छातीठोक सांगतो.

आखाजीचंही एक. तेव्हा सासरी गेलेल्या पोरी माहेरी येतात. गावात शाळेच्या माजी विद्यार्थिनी एवढ्या संख्येनं एरवी कधी सापडतात? आम्ही त्यांच्याकडे वर्गणी मागितली नाही. म्हटलं, संध्याकाळी झोक्याजवळ बसा आणि मुलांना आखाजीची गाणी सांगा. मुलांनी ती लिहून घेतली. एका ताईंनी जाताना 2 मडकी भरून दिली.

या सगळ्याची एक वही आहे. सातवीची मुलं शाळा सोडताना ती सहावीच्या हातात देतात, निरोप समारंभातच. मी ती क्वचित उघडतो. मागच्या आठवड्यात उघडली. शेवटची नोंद अशी: "टाकीचा नळ परत टपकतो. सरांना सांगितलं. सर विसरले."

खाली तारीख होती. 12 दिवस झाले होते.

(उठून) थांबा, पाना कुठे ठेवला मी...