खोक्यावरचा वारा आणि नळीतला वारा

मंडळी, आधी एक घोटाळा मिटवून टाकतो. आपल्या बिल्डिंगांमध्ये ‘डक्ट’ म्हटलं की दोन फ्लॅटमधली ती उभी, अंधारी बोळ डोळ्यांपुढे येते. ड्रेनेजचे पाइप, कबुतरं, वरून कुणाचा तरी पडलेला मोजा. मी ज्या डक्टबद्दल बोलणार आहे ती म्हणजे हवा वाहून नेणारी साधी गोल नळी. तिच्या मधोमध बसतो तो इनलाइन डक्ट फॅन. तसा हा जुनाच प्रकार आहे. १९७४ मध्ये स्वीडनमध्ये गोल नळीत बसणारे पंखे घेऊन एक कंपनी उभी राहिली, तिचं नावच ‘कानालफ्लेक्ट’, म्हणजे सरळ ‘डक्ट-पंखा’. पुढे तीच सिस्टमएअर झाली.

आपल्याला हा पंखा लागतो तो रिनोव्हेशनच्या वेळी. ड्राय बाल्कनी आत घेतली, बाथरूमची खिडकी बंद झाली, किंवा खिडकी आहे पण ती त्या अंधाऱ्या बोळात उघडते आणि तिथला वास उलटा घरात येतो. मग पॅसेजच्या फॉल्स सिलिंगवरून पाच-सहा मीटर नळी नेऊन हवा बाहेर सोडायची ठरते.

माझ्या घरीही हेच ठरलं. मी आयुष्यभर कारखान्यांच्या व्हेंटिलेशनची कामं केलेला माणूस, पण घरचं काम सुरू असताना नेमका बाहेरगावी. परत आलो तर सिलिंग बंद, रंग झालेला. बटण दाबलं, पंखा छान गरगरला. आंघोळ झाली आणि आरशात स्वतःचं तोंड दिसेना. बाल्कनीत जाऊन नळीच्या तोंडाशी उदबत्ती धरली, तर धूर देवघरातल्यासारखा सरळ वर! शेवटी सिलिंग कापलं. मिस्त्रीने भिंतीवर लावायचा साधा चार इंची एक्झॉस्ट फॅन वर टांगला होता आणि त्याला अ‍ॅल्युमिनियमचा लवचीक पाइप जोडला होता. पाइप खोक्यात आला तेवढा सगळा आत कोंबलेला, जिलबीसारखा. “कापून वाया कशाला घालवायचा, साहेब?” त्याचं तरी काय चुकलं? त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

आता खोक्याकडे या. खोक्यावर दोन आकडे असतात: जास्तीत जास्त हवा आणि जास्तीत जास्त दाब. दोन्ही खरे, पण एकाच वेळी नव्हेत. पहिला आकडा नळीच न जोडता मोजलेला, दुसरा नळीचं तोंड पूर्ण बंद करून. लग्नाच्या बायोडेटासारखं आहे. एकेक ओळ खरी असते, संसार त्यांच्या मधे कुठेतरी होतो. ती मधली जागा दाखवणारी एक वक्ररेषा कंपनीच्या माहितीपत्रकात असते. ज्या पंख्याची ती रेषा दुकानदार दाखवू शकत नाही, तो मी घेत नाही.

किती हवा लागते? अमेरिकेत अ‍ॅश्रे या संस्थेचं घरांसाठीचं ६२.२ हे मानक आहे. गरजेपुरत्या चालवायच्या बाथरूमच्या पंख्याला ते किमान ५० सीएफएम, म्हणजे मिनिटाला ५० घनफूट हवा, सांगतं. आपल्या मापात तासाला ८५ घनमीटर. आपलं पाच बाय आठ फुटांचं, सिलिंग आठ फुटांवर असलेलं बाथरूम घ्या: ३२० घनफूट. साडेसहा मिनिटांत बाथरूमभर हवा बाहेर. पुरे आहे.

आणि दाब? सहा मीटर लवचीक पाइप, तीन वळणं, शेवटी झडप आणि जाळी, असं सगळं धरलं की १०० मिलिमीटरच्या नळीत साधारण ५० पास्कलच्या आसपास जातं. ५० पास्कल म्हणजे किती? पाण्याचा पाच मिलिमीटर स्तंभ. स्ट्रॉमधून सरबत एवढंसं वर ओढायला लागेल तेवढा जोर. हसू येतं ना? पण भिंतीवरच्या साध्या पात्याच्या पंख्याचा तेवढ्यातच जीव जातो, कारण तो भिंतीच्या भोकातून हवा पलीकडे ढकलायला बनवलेला. इनलाइनमधले मिक्स्ड-फ्लो (हवा तिरकी फेकणारे) किंवा सेंट्रिफ्यूगल (हवा चाकातून बाहेर भिरकावणारे) पंखे हा जोर लीलया काढतात. तेव्हा रेषेवर ५०-६० पास्कलच्या रेघेला ८५ ते १०० घनमीटर देणारा पंखा शोधा. खोक्यावरचा मोठा आकडा त्या वेळी विसरायचा.

पण खरं सांगू, पंख्याआधी नळीवर खर्च करा. तेवढीच हवा न्यायची तर दाबाचं नुकसान ढोबळमानाने व्यासाच्या पाचव्या घाताने बदलतं. चार इंचाऐवजी सहा इंची नळी घेतलीत तर नुकसान साडेसात पटीने उतरतं. किमतीतला फरक सांगायची मला लाज वाटते, इतका किरकोळ. सरळ भागात पीव्हीसी पाइप घाला, लवचीक पाइप फक्त दोन्ही टोकांना, हातभर, तोही ताणून. आणि उरलेला कापा! कापून मला आणून द्या हवं तर.

आवाजाचंही तेच. जरुरीपेक्षा मोठा पंखा घेऊन हळू चालवला तर तो शांत राहतो. वेग सत्तर टक्क्यांवर आणला की पात्यांना लागणारी ताकद एक तृतीयांशावर येते. मात्र छताच्या पंख्याचा रेग्युलेटर त्याला जोडू नका, कित्येक मोटरी गुणगुणायला लागतात. दोन-तीन वेगांचा किंवा ईसी मोटरचा, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पद्धतीने वेग बदलणारा पंखा घ्या. तो स्लॅबला थेट ठोकू नका, मधे रबर घाला. शक्यतो बाहेरच्या टोकाजवळ बसवा, म्हणजे घरातली सगळी नळी ओढीखाली राहते आणि सांध्यातून वास गळत नाही. नळीला बाहेरच्या बाजूला किंचित उतार द्या. वाफेचं पाणी होतं, ते पंख्यात नको. खाली उघडता येईल असं झाकण हवंच. बाहेर झडप नसेल तर कबुतरं पंधरा दिवसांत ताबा घेतात, तेही भाड्याशिवाय. मच्छरजाळी मात्र तिथे नको, कापसासारख्या धुळीने ती चोंदते.

आत हवा यायची कुठून? दाराखाली वीस मिलिमीटर फट ठेवा. नवीन दारं अशी चपखल बसवतात की पंखा नुसता दार ओढत बसतो.

इथे थांबून एक गोष्ट नीट सांगतो. बाथरूममध्ये गॅस गीझर असेल तर हा पंखा त्यावरचा उपाय समजू नका. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. गीझरला धुराडं असेल आणि हवा यायला जागा नसेल, तर पंखा तोच धूर उलटा खोलीत ओढू शकतो. गीझर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेत न्या. मग पंख्याचं बोलू.

मागून काकूंनी विचारलं, स्वयंपाकघरातल्या चिमणीची नळी याच नळीला जोडली तर एक भोक वाचेल ना? वाचेल. आणि फोडणीचा वास टॉवेलला येईल. शिवाय तेलकट थर नळीत साचतो, तो पेट घेतो. चिमणीची नळी वेगळीच ठेवायची, काकू.

आणखी एक प्रश्न दरवर्षी येतो: जुलैत भिंतीला ओल येते, पंखा चोवीस तास चालू ठेवू का? कोकणात किंवा मुंबईत जुलैत तुम्ही आतली दमट हवा बाहेर काढता आणि तिच्या जागी बाहेरची तितकीच दमट हवा आत येते. आंघोळीनंतर पंधरा-वीस मिनिटं चालवा, वाफ जाते. भिंत मुरत असेल तर वरच्या मजल्याच्या बाथरूमखाली बघा, नाहीतर गच्चीवर.

आता ज्यांना घरी जाऊन तपासायचंय त्यांच्यासाठी: ५० लिटरची काळी कचऱ्याची पिशवी चपटी करून नळीच्या बाहेरच्या तोंडाला धरा, पंखा लावा आणि सेकंद मोजा. दोन सेकंदांत फुगली तर ८५ घनमीटर मिळताहेत. माझी दुरुस्तीनंतर दीड सेकंदात फुगली. त्याआधी मी पिशवी धरून इतका वेळ उभा होतो की समोरच्या बाल्कनीतल्या आजोबांनी विचारलं, “काही पडलंय का हो?”